ओसरीवरचा वाटसरू

मराठीतील प्रवासवर्णनांची यादी कोणी करू लागल्यास तिचा मोठा भाग समुद्रापलीकडील देशांनी व्यापलेला आढळेल. अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' १९४० साली निघाले, गंगाधर गाडगीळांचे 'साता समुद्रापलीकडे' १९५९ साली, आणि पाठोपाठ १९६० साली पु. ल. देशपांड्यांची 'अपूर्वाई' आली. त्यानंतर तर लंडन-पॅरिस पाहून आलेल्या प्रत्येक गृहस्थास आपली टिपणे छापल्यावाचून चैन पडेनासे झाले. या पुस्तकांविषयी आमची तक्रार नाही. त्यांतील कित्येक खरोखर गोड आहेत. परंतु स्वदेशातच पायी हिंडणाऱ्याचे, म्हणजे ज्यात पोहोचण्याचे ठिकाण गौण आणि चालणे मुख्य अशा भटकंतीचे जे वाङ्मय आपल्याकडे आहे, ते संख्येने थोडे असले तरी गुणाने या सर्वांहून वरचढ आहे, असे आमचे फार दिवसांचे मत आहे. यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत गोपाळ नीलकंठ दांडेकरांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा' पुन्हा वाचण्याचा योग आला, आणि या वाङ्मयाची गोडी नेमकी कशात आहे हा प्रश्न मनात घोळू लागला. त्याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

निसर्गसौंदर्य हे या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर होय. आम्ही वऱ्हाडात राहणारी माणसे. आम्हांस ते पटणे कठीण. मेळघाट आणि गाविलगडाचा डोंगर वगळला तर अमरावती-अकोल्याच्या मैदानात प्रवाशाची नजर खिळून राहावी असे फारसे काही नाही. काळी जमीन, कपाशी, तूर, बांधावरच्या बाभळी, आणि वैशाखात डोळ्यांपुढे थरथरणारी हवा, एवढेच येथील देखावे. तरी मराठीतील थोर वाटसरूंची नावे घेऊ लागले की ती या मैदानाशी येऊन मिळतात. रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून गुजरातेतून निघालेले चक्रधर अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपुरास थांबले, गोविंदप्रभूंचा अनुग्रह पावले, आणि त्यांच्या पुढील एकाकी भ्रमंतीने 'लीळाचरित्रा'चा पहिला भाग भरला. गाडगे महाराज १८७६ साली शेंडगावास जन्मले. खुद्द दांडेकर १९१६ साली परतवाड्यास जन्मले. आणि १९८१ साली अकोल्यास जे साहित्यसंमेलन भरले त्याचे अध्यक्षपद या जन्मभर भटकलेल्या वऱ्हाडी पुत्राकडेच आले होते. सृष्टिशोभा हे जर भटकंतीचे कारण असते, तर हा मान कोकणाला मिळावयास हवा होता.

येथे एक स्वानुभव सांगण्याची मुभा वाचकांनी द्यावी. काही वर्षांपूर्वी माघ महिन्यात आम्ही व आमच्याच महाविद्यालयातील एक तरुण सहकारी असे दोघे मूर्तिजापुराहून पायी निघालो. गाडगे महाराजांचे बालपण ज्या आजोळी गेले ते दापुरे पाहावे आणि पूर्णा ओलांडून दर्यापुराच्या बाजूस जावे, एवढाच संकल्प होता. हा सारा मुलूख खारपाणपट्ट्यात मोडतो. पूर्णेच्या दोन्ही काठांस कित्येक कोस जमिनीखालचे पाणी खारट. विहीर खणली तरी ती पिण्याच्या उपयोगाची असेलच असा नेम नाही. आता दुरून नळाने पाणी येते, पण ते रोज येतेच असे नाही. अशा गावात दुपारच्या वेळी पाणी मागणे म्हणजे काय, हे शहरात तोटी फिरवणाऱ्यास कळावयाचे नाही. एका घराच्या ओसरीवर आम्ही टेकलो. आतून एक म्हाताऱ्या बाई आल्या. "कोन्या गावचे व्हय भाऊ?" हा पहिला प्रश्न. आम्ही अमरावती सांगितले. "आडनाव काय म्हनलं?" हा दुसरा. आम्ही ते सांगितले. सहकाऱ्यांकडे वळून तोच प्रश्न झाला, तेव्हा ते हसून म्हणाले, "आम्ही दोघंही कॉलेजातले मास्तर, मावशी." बाईंचे समाधान झालेसे दिसले. ओसरीवर एक माठ होता, त्याला त्यांनी हात लावला नाही. आत जाऊन दुसऱ्या, झाकून ठेवलेल्या माठातून लोटा भरून आणला आणि "गोड पानी हाय, प्या," म्हणून आमच्यापुढे धरला. आम्ही दोन दोन लोटे प्यालो. माठात किती उरले असेल हा विचार गावाबाहेर पडल्यावर आला. तोवर उशीर झाला होता.

त्या ओसरीवर जे घडले त्यातच या वाङ्मयाचे बीज आहे, असे आम्हांस वाटते. परदेशात गेलेला प्रवासी पाहणारा असतो. तिकीट काढलेले, खोली राखलेली, पैसे मोजलेले. त्याला कोणाचे देणे नाही. स्वदेशात पायी हिंडणारा मात्र पाहतो त्याहून अधिक पाहिला जातो. तो कोण, कोठला, कोणाचा, याचे उत्तर दिल्यावाचून त्याला पाण्याचा घोटही मिळत नाही, आणि मिळतो तेव्हा तो विकतचा नसतो.

इंग्रजी निबंधकारांनी पायी भटकण्याची थोरवी पुष्कळ गाइली आहे व आमच्या पिढीने ती महाविद्यालयात भक्तिभावाने वाचली आहे. हॅझलिटचा प्रवासावरील निबंध १८२२ चा. त्यातील सर्वांत रसाळ भाग डोंगर-दऱ्यांचा नाही. खाणावळीत अनोळखी पाहुणा म्हणून उतरण्यात, आपले नाव, धंदा, लौकिक बाहेर ठेवून केवळ एक भुकेला मनुष्य होण्यात जे सुख आहे, त्याचा तो आहे. स्टीव्हन्सन १८७८ साली गाढव घेऊन फ्रान्सच्या डोंगराळ भागात हिंडला, आणि एका रात्री उघड्यावर देवदारांच्या रानात झोपला तेव्हा सकाळी निघताना त्या मुक्कामाचे भाडे म्हणून गवतावर नाणी टाकून गेला. हे कृत्य फार मोहक आहे. पण त्याच्या मुळाशी एक समाजरचना आहे. तेथे वाटेवर खाणावळ आहे, खाणावळीत दर ठरलेला आहे, आणि दर दिला की नाव सांगावे लागत नाही. नाण्याने मिळालेले हे निनावीपण इतके अंगवळणी पडले की उघड्या रानाचेही बिल चुकवावेसे त्याला वाटले.

आपल्याकडे खाणावळीच्या जागी ओसरी आहे, आणि ओसरीवर निनावी कोणी राहत नाही. मराठी गद्याच्या आरंभीच ही गोष्ट दिसते. चक्रधरांच्या मुक्कामांची जी 'स्थानपोथी' महानुभावांनी केली, ती या दृष्टीने उघडून पाहावी. कोणते गाव, कोणत्या देवळाची कोणती बाजू, कोणत्या दिशेचे दार, कोठला ओटा, यांची ती नोंद आहे. रूक्ष म्हणून टीकाकार तिला बाजूस सारतात. आम्हांस मात्र ती वाचताना एक नवल वाटते की, एका फिरत्या पुरुषाचे स्मरण त्याच्या अनुयायांनी त्याच्या वाटांनी न ठेवता त्याच्या टेकण्याच्या जागांनी ठेवले. म्हाइंभटांनीही 'लीळाचरित्र' एका जागी बसून रचले नाही. ज्यांनी ज्यांनी चक्रधरांना पाहिले होते त्यांच्याकडे जाऊन, विचारून, पडताळून आठवणी गोळा केल्या. ऋद्धिपुरास आता मराठी भाषेचे विद्यापीठ झाले आहे. तेथील विद्यार्थ्यांनी पदवीपूर्वी एकदा तरी स्थानपोथी हाती घेऊन दहा गावे पायी फिरावे, असा नियम कोणी केला तर आमची त्यास पूर्ण संमती राहील.

या दृष्टीने पाहू लागले म्हणजे विष्णुभट गोडशांच्या 'माझा प्रवासा'चे स्थान अधिक स्पष्ट होते. वरसईचा हा कर्जबाजारी भिक्षुक ब्राह्मण १८५७ साली चुलत्यासह उत्तरेकडे निघाला तो देश पाहावयास नव्हे; बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, तेथे दक्षिणा मिळेल, ही त्याची आशा होती. महूजवळ बंडाशी गाठ पडली, आणि पुढे झाशीच्या वेढ्यात तो शहरातच सापडला. १८५७ च्या हकिकतीसाठी लोक हे पुस्तक वाचतात. आम्हांस त्यातील जमाखर्चाची ओढ अधिक आहे. कोणाकडे उतरलो, काय जेवलो, दक्षिणा किती पडली, ती कोठे लुटली गेली, हे सारे गोडसे भटजी मनात कसलाही संकोच न धरता सांगतात. आपण दुसऱ्याच्या अन्नावर चालत आहोत ही जाणीव त्यांच्या पानापानावर आहे, आणि म्हणूनच त्यांच्या शब्दावर विश्वास बसतो. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली हे पुस्तक काढताना त्यावर संपादकाची सफाई फिरवली. मूळ लेखनाची संहिता दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली पुढे आणली. आम्ही प्रथम वैद्यांची प्रत वाचली आणि मोहून गेलो. पोतदारांची वाचल्यावर तो मोह थोडा उतरला व भटजींविषयीचा आदर वाढला. खडबडीत माणूस सफाईदार माणसाहून अधिक खरा निघाला.

आता दांडेकरांकडे वळू. 'कुणा एकाची भ्रमणगाथा' ही नर्मदेच्या परिक्रमेची कहाणी आहे. नदी उजव्या हाताला ठेवावयाची, ती ओलांडावयाची नाही, द्रव्य जवळ बाळगावयाचे नाही, मिळेल ती भिक्षा घ्यावयाची, असे परिक्रमेचे जुने नियम आहेत. दांडेकरांनी कोवळ्या वयात शाळा व घर सोडले, गाडगे महाराजांच्या सहवासात काही काळ काढला, वेदान्ताचे अध्ययन केले, आणि या नदीच्या काठाने हिंडले. पुस्तकाचे सर्व सामर्थ्य त्याच्या नावात आहे. 'कुणा एकाची'. हॅझलिटला जे निनावीपण खाणावळीत मिळाले ते या तरुणास कसे मिळाले? परिक्रमावासीच्या वेषाने. तो वेष ओसरीवरील प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन ठेवतो. वारकऱ्याची तुळशीमाळ, बैराग्याची कफनी, परिक्रमेचा कमंडलू ही स्वदेशातील भटक्याची पारपत्रे होत. ती हाती असली की नाव गळून पडते आणि माणूस 'कुणी एक' होतो. हे नाव गळून पडण्याचे सुख दांडेकरांनी जितक्या उत्कटतेने दिले आहे तितके मराठीत दुसऱ्या कोणी दिलेले आम्हांस ठाऊक नाही. शिवाय माणसाच्या बोलीला त्यांचा कान किती तयार होता! भेटलेला माणूस दोन वाक्ये बोलला की तो उभा राहतो. सरदार सरोवराच्या जलाशयाने नर्मदाकाठच्या जुन्या वाटेचा मोठा भाग गिळला. त्यामुळे आज या पुस्तकास एका बुडालेल्या रस्त्याच्या दप्तराचेही मोल आले आहे.

तथापि स्तुतीबरोबर दोष सांगणेही टीकाकाराचे कर्तव्य आहे. दांडेकरांच्या भाषेत एक प्रकारचा गहिवर कायम वस्तीला असतो. वाढणारी प्रत्येक स्त्री माउली होते, आणि शिळ्या भाकरीला प्रत्येक वेळी अमृताची गोडी येते. भुकेल्याला ती येते हे खरे. परंतु भाकरी देणाऱ्या घरात मागे काय उरले, ही चौकशी भ्रमणगाथेचा नायक फारशी करीत नाही. तो घेतो, गहिवरतो आणि पुढे जातो. नदीचा प्रवाह थांबत नाही तसा तोही थांबत नाही, आणि न थांबणाऱ्यास दुसऱ्याचे दारिद्र्य सुंदर दिसणे सोपे असते. हा दोष एकट्या दांडेकरांचा म्हणता येत नाही, तो या वाङ्मयप्रकाराच्या प्रकृतीतच आहे. दांडेकरांस त्याची जाणीव असावी असा आमचा तर्क आहे, कारण त्यांनी त्याची भरपाई दुसरीकडे केली. 'पूर्णामायची लेकरं' ही त्यांची वऱ्हाडी बोलीतील कादंबरी भ्रमणगाथेच्या शेजारी ठेवून वाचावी. ज्या घरांच्या ओसरीवर भ्रमणगाथेतील वाटसरू क्षणभर टेकतो, तशा घरांच्या माजघरात हा लेखक या कादंबरीत शिरला आहे. शहरी वाचकास तिची बोली जड जाते म्हणून ती मागे पडली. हे त्या कादंबरीचे दुर्दैव आणि वाचकाचा आळस होय.

ओसरीचे ऋण कसे फेडावे, याचे उत्तर ज्याने वाङ्मयात न देता कृतीने दिले तो पुरुषही याच मातीतला. गाडगे महाराजांनी १९०५ साली घर सोडले. अंगावर चिंध्या, हाती खराटा, आणि पाणी पिण्याचे, जेवणाचे, प्रसंगी डोक्यावर घालण्याचेही एकच मातीचे भांडे. गावात शिरले की आधी रस्ता झाडावयाचा, मग भाकरी मागावयाची, आणि रात्री कीर्तन. या क्रमात जो अर्थ भरला आहे तो ध्यानात घ्यावा. स्टीव्हन्सनने गवतावर नाणी टाकली. या पुरुषाने अंगमेहनत आधी टाकली आणि अन्न मागून घेतले. धर्मशाळा बांधल्या त्या पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी, दुसऱ्या वाटसरूंसाठी. त्यांतील चोखामेळ्याच्या नावाची धर्मशाळा कोणासाठी होती हे सांगावयास नको. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावापाशी, वाटेतच, त्यांचा देह पडला. अमरावतीच्या विद्यापीठास आज त्यांचे नाव आहे. राहुल सांकृत्यायनांनी १९४८ च्या सुमारास हिंदीत 'घुमक्कडशास्त्र' लिहिले, त्यात भटक्याने लोकांवर भार होऊ नये म्हणून एखादा हुन्नर शिकून ठेवावा असा उपदेश आहे. तो वाचताना आम्हांस खराट्याची आठवण होते. स्त्रियांनीही निर्भयपणे भटकावे असे राहुलजी म्हणतात, ते योग्यच आहे. पण स्त्रीला ओसरीवर आणखी किती प्रश्नांना तोंड द्यावे लागते याचा हिशेब एखाद्या स्त्रीनेच लिहावा. इरावतीबाई कर्व्यांनी 'परिपूर्ती'तील 'वाटचाल' या लेखात त्याचा एक कोपरा उघडला आहे. पंढरीच्या वाटेवर, एकाच दिंडीत, ब्राह्मणांची चूल निराळी व मराठ्यांची निराळी हे त्यांनी पाहिले. त्याचे शल्य त्यांनी लपवले नाही आणि वारीवरील प्रेमही कमी होऊ दिले नाही. दोन्ही एका लेखात मावली, ही लहान गोष्ट नाही.

आणि तरीही या सर्व लेखकांना एक सोय होती. ओसरीवरील दुसऱ्या प्रश्नाचे त्यांचे उत्तर दार बंद करणारे नव्हते. ज्यांचे उत्तर तसे होते त्यांच्या प्रवासाची कहाणी आपण या वाङ्मयात धरतच नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटे आत्मकथनपर लेखन इंग्रजीत आहे, १९३५-३६ च्या सुमाराचे, आणि पुस्तकरूपाने ते १९९० साली निघाले. त्याचा पहिला प्रसंग १९०१ सालचा. साताऱ्याहून नऊदहा वर्षांचा मुलगा, भाऊ व भाचे यांसह, गोरेगावी नोकरीस असलेल्या वडिलांकडे जावयास निघाला. मुलांच्या अंगावर नवे कपडे, मनात आनंद. मसूरच्या स्टेशनावर उतरल्यावर ती महार आहेत हे कळताच एकही गाडीवाला त्यांना नेईना. दुप्पट भाडे कबूल करून गाडी मुलांनीच हाकावयाची आणि मालकाने बाजूने चालावयाचे असे ठरले. शिदोरी बरोबर होती, पाणी नव्हते. जकातनाक्यावर मुसलमान असल्याचे सांगूनही ते मिळाले नाही, आणि रात्र तशीच गेली. तेहतीस वर्षांनी, १९३४ साली, विलायतेच्या पदव्या घेऊन आलेला तोच मनुष्य सहकाऱ्यांसह वेरूळ-दौलताबाद पाहण्यास गेला असता किल्ल्यावरील हौदाच्या पाण्याने हातपाय धुतल्यावरून गहजब झाला. स्वदेशातील प्रवासाच्या कहाणीला व्हिसाचे नाव द्यावे लागले, यावर आम्ही काय भाष्य करणार? एवढेच म्हणतो की, हे लेखन प्रवासवर्णनाच्या कपाटात 'माझा प्रवास' व 'भ्रमणगाथा' यांच्या मधोमध ठेवले पाहिजे. मग भ्रमणगाथेतील निनावीपणाची किंमत कळते, आणि तो आनंद कोणाला परवडत होता हेही कळते. त्या आनंदाचे वाङ्मयीन मोल त्यामुळे कमी होते असे आम्ही मानीत नाही. मात्र ओसरीची गोडी सांगणाऱ्या लेखकाने त्या ओसरीखाली उभ्या असलेल्या माणसाकडे एकदा पाहिले की नाही, हा प्रश्न टीकाकारास यापुढे टाळता येणार नाही.

आमच्या त्या तरुण सहकाऱ्यांनी म्हाताऱ्या बाईंस आडनाव का सांगितले नाही, हे आम्ही त्या दिवशी विचारले नव्हते. आमच्या ते ध्यानातच आले नव्हते. पूर्णेच्या पात्रात वाळूवर बसलो असता त्यांनी आपण होऊन सांगितले. वडिलांनी लहानपणी शिकवले होते की, परक्या गावात आडनाव विचारले तर हुद्दा सांगावा. बाई भल्या होत्या, त्यांनी काही मनात आणले नसते, असे आम्ही म्हणालो. "नसतेही आणले," ते म्हणाले, "पण तहान लागली होती." परत आल्यावर आम्ही त्यांना भ्रमणगाथा वाचावयास दिली. महिन्याभराने त्यांनी ती आणून दिली. नदीची वर्णने फार आवडली, असे सांगितले, आणि परिक्रमेत आडनाव विचारीत नाहीत हे खरे काय, असा प्रश्न केला. आम्ही म्हटले, एकदा जाऊन पाहू. या सुट्टीत ते जमले नाही. पुढच्या माघात त्याच वाटेने, त्याच गावावरून पुन्हा जावयाचे ठरले आहे. आणि त्या वेळी आडनाव सांगावयाचे, असे त्यांनी आम्हांस कळवले आहे.